अपुऱ्या यंत्राचे आवाहन

विल्हेल्म रॉन्टजेन या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव निघाले की सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे एक हात उभा राहतो. बोटात अंगठी असलेला, मांसाचा पडदा विरून हाडे उघडी झालेला तो हात त्याच्या पत्नीचा होता. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्ग येथील प्रयोगशाळेत रॉन्टजेनला क्ष-किरणांचा शोध लागला आणि २२ डिसेंबरला त्याने ते छायाचित्र घेतले. साऱ्या जगाने तो हात पाहिला व वैद्यकशास्त्राला नवे नेत्र लाभले. परंतु याच रॉन्टजेनने १८९६ साली आणखी एक छायाचित्र घेतले होते, त्याची आठवण फारसे कोणी काढीत नाही. ते होते त्याच्या शिकारीच्या बंदुकीचे. पोलादी नळ्यांच्या आत दडलेली काडतुसे त्यात स्पष्ट दिसत होती. देहाच्या आत पाहण्याची विद्या त्या हातापासून सुरू झाली, तशी धातूच्या पोटात पाहण्याची विद्या या बंदुकीपासून सुरू झाली, असे म्हणता येईल. पहिलीने रुग्णालये उभी केली. दुसरीवर आजची सारी अवजड उद्योगसृष्टी उभी आहे.

ही दुसरी विद्या सध्या एका नव्या वळणावर आहे. क्ष-किरण निर्माण करण्याचे काम आता लेसरच्या प्रकाशाकडून करून घेता येईल, हे प्रयोगशाळांतून सिद्ध झाले आहे. कारखान्याच्या अंगणात ते रोजच्या रोज चालावे, इतके मात्र ते अजून परिपक्व झालेले नाही. नेमक्या याच अपुरेपणात भारतासाठी एक संधी दडलेली आहे.

न दिसणारा दोष

आत पाहण्याचा हा आग्रह कशासाठी? १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेच्या आयोवा राज्यात सू सिटी येथे एक डीसी-१० विमान कोसळले. त्यात २९६ माणसे होती. त्यांपैकी ११२ प्राणास मुकली. शेपटीकडील इंजिनातील टायटॅनियमची एक तबकडी उड्डाण चालू असताना फुटली होती. ही तबकडी ज्या धातूपासून घडविली, तो वितळविताना त्यात एक सूक्ष्म दोष राहून गेला होता. त्या ठिपक्यापासून निघालेली चीर वर्षानुवर्षे वाढत राहिली आणि तपासणी करणाऱ्यांच्या नजरेतून निसटली. क्ष-किरणांनी तो दोष पकडलाच असता असे म्हणणे धाडसाचे होईल. प्रत्येक दोषाला प्रत्येक किरण दिसत नाही. परंतु त्या घटनेचा बोध स्पष्ट आहे. धातूच्या पोटात जे आपल्याला दिसत नाही, ते नाहीसे होत नाही. ते केवळ वाट पाहते.

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव परिसरातील कोणत्याही फौंड्रीवाल्याला हे निराळे सांगावे लागणार नाही. ओतीव नगाच्या आत राहिलेली हवेची पोकळी बाहेरून कितीही घासूनपुसून कळत नाही. म्हणून शंभरांतला एखादा नग कापून पाहायचा आणि उरलेल्या नव्याण्णवांवर विश्वास ठेवायचा, ही जुनी रीत. पाण्याच्या पंपाला ही रीत पुरेशी आहे. विमानाच्या इंजिनातील पात्याला, क्षेपणास्त्राच्या कवचाला, अणुभट्टीच्या नळीला ती पुरत नाही. तेथे प्रत्येक नग न कापता आतून पाहावा लागतो.

जुन्या नळीची मर्यादा

आज कारखान्यांतून वापरली जाणारी क्ष-किरणांची नळी मूलतः अमेरिकेतील विल्यम कूलिज याने १९१३ साली सिद्ध केलेल्या नळीचीच वंशज आहे. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, उच्च दाबाच्या विजेने त्यांना वेग मिळतो आणि ते टंगस्टनच्या तुकड्यावर आदळतात. त्यांच्या ऊर्जेपैकी जेमतेम १ टक्का क्ष-किरणांत उतरते. उरलेली सारी उष्णता होते. चित्र रेखीव हवे असेल तर किरण अगदी लहान बिंदूतून निघावयास हवेत. ज्योत मोठी असली की भिंतीवरची सावली पसरट पडते आणि ज्योत बारीक असली की सावलीची कड रेखीव उमटते, तसाच हा प्रकार. परंतु बिंदू लहान केला की सारी उष्णता त्याच बिंदूत एकवटते व टंगस्टनच वितळू लागते. म्हणून बारीक पाहावयाचे तर किरण क्षीण ठेवावे लागतात आणि जाड धातू भेदावयाचा तर बारकाव्याचा त्याग करावा लागतो.

दुसरा उपाय किरणोत्सारी मूलद्रव्यांचा. इरिडियम-१९२ ची इवलीशी गोळी जाड कवचाच्या पेटीत ठेवून तिच्या गॅमा किरणांनी वाहिन्यांचे सांधे तपासतात. वीज नसलेल्या माळरानावरही हे काम होते. परंतु ७४ दिवसांत त्या गोळीची शक्ती निम्मी होते आणि मुख्य म्हणजे ती कधीच बंद करता येत नाही. असा स्रोत अजाण हातांत पडला तर काय होते, हे २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिसले. तेथे एका टाकाऊ प्रयोगयंत्रातील कोबाल्ट-६० उघडा पडला आणि एका कामगाराचा बळी गेला. ते यंत्र धातूतपासणीचे नव्हते, पण धोक्याची जात तीच होती.

तिसरा उपाय प्रचंड वर्तुळाकार यंत्रांचा. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील 'इंडस-२' हे आपल्या देशातील असे यंत्र. १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने फिरतात आणि अत्यंत तेजस्वी क्ष-किरण देतात. त्यांनी घेतलेली चित्रे अप्रतिम असतात. परंतु ते यंत्र कारखान्याकडे येत नाही. कारखान्याने आपला नग घेऊन त्याच्या दाराशी जावे लागते.

प्रकाशाची लाट

लेसरची वाट येथूनच निराळी होते. १९७९ साली तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन या कॅलिफोर्नियातील दोन शास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली. लेसरचा अत्यंत तीव्र व अत्यंत अल्पकाळ टिकणारा झोत वायूत सोडला, तर वायूचे अणू फुटून विद्युत्भारित कणांचा वायू, म्हणजे प्लाझ्मा, तयार होईल. खाडीतून वेगाने जाणाऱ्या होडीमागे जशी लाट उठते, तशी प्लाझ्मातून धावणाऱ्या त्या झोतामागे इलेक्ट्रॉनांची लाट उठेल. त्या लाटेवर स्वार झालेल्या इलेक्ट्रॉनांना अगदी थोड्या अंतरात प्रचंड वेग मिळेल.

कल्पना तयार होती, लेसर नव्हता. इतका तीव्र झोत वाढविताना लेसरमधील काचाच फुटत. १९८५ साली अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात जेरार मूरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी त्यावर तोड काढली. अरुंद पुलावरून सारी दिंडी एकदम नेता येत नाही. तिला लांबवून ओळीने न्यावे लागते आणि पैलतीरी पुन्हा एकत्र करावे लागते. लेसरच्या झोताचेही त्यांनी हेच केले. आधी तो ताणून लांब केला, मग त्याची शक्ती वाढविली आणि शेवटी पुन्हा आक्रसून घेतला. या युक्तीला २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आजचे असे झोत ३० फेम्टोसेकंदांच्या आसपास टिकतात. एका सेकंदाचे १०० कोटी भाग केले आणि त्यांतील एका भागाचे पुन्हा १० लाख भाग केले, तर एक फेम्टोसेकंद हाती येतो. ३० फेम्टोसेकंदांत प्रकाशदेखील केसाच्या जाडीइतका पुढे सरकत नाही. झोतातील ऊर्जा तशी अल्पच असते. ३० जूल म्हणजे एक किलोचे वजन तीन मीटर उचलण्याइतकी. परंतु ती इतक्या अल्प काळात एकवटते की त्या क्षणापुरती तिची शक्ती १ पेटावॉट, म्हणजे भारतातील सर्व वीजकेंद्रांच्या एकत्रित क्षमतेच्या सुमारे २ हजार पट होते. अमेरिकेतील बर्कले येथे २०१४ साली अशा लाटेने इलेक्ट्रॉनांना अवघ्या ९ सेंटिमीटर अंतरात ४.२ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा दिली. इंदूरचे १७२ मीटरचे कडे आठवले म्हणजे या ९ सेंटिमीटरचा अर्थ ध्यानात येतो.

लाटेवरचे हे इलेक्ट्रॉन सरळ धावत नाहीत. ते डावीउजवीकडे हेलकावत जातात आणि हेलकावताना क्ष-किरण सोडतात. ज्या बिंदूतून हे किरण निघतात तो १ मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन, यावरून त्याच्या बारीकपणाची कल्पना यावी. जाड धातू भेदावयाचा असेल तर तेच इलेक्ट्रॉन जड धातूच्या पत्र्यावर आदळवून अधिक भेदक किरण मिळविता येतात. झोत इतका क्षणिक असतो की वेगाने फिरणारे पातेदेखील चित्रात स्तब्ध दिसावे. आणि लेसर बंद केला की किरणही बंद होतात. जुन्या तिन्ही उपायांतील उणिवांवर एकाच साधनात उत्तर मिळण्याची ही शक्यता आहे.

अजून काय बाकी आहे

शक्यता आणि सिद्धी यांतील अंतर लपविणे हा वाचकाशी द्रोह ठरेल. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरमध्ये हार्वेल येथे रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेचा 'जेमिनी' नावाचा लेसर आहे. त्याच्या साहाय्याने शास्त्रज्ञांनी हाडाच्या जाळीदार रचनेची आणि उंदराच्या गर्भाची सूक्ष्म त्रिमिती चित्रे घेतली. परंतु हा लेसर २० सेकंदांतून एकच झोत सोडतो. त्रिमिती चित्रासाठी वस्तू थोडी थोडी फिरवून शेकडो चित्रे घ्यावी लागतात. म्हणजे एका नगाला तासन्‌तास. शिवाय एक झोत दुसऱ्यासारखाच निघेल याची खात्री अजून हवी तशी देता येत नाही. इलेक्ट्रॉनांचा मार्ग सेंटिमीटरांत मावतो हे खरे. पण तो लेसर स्वतः मोठे दालन व्यापतो. किरणांपासून संरक्षणासाठी जाड भिंती लागतात त्या लागतातच. ज्या साध्या बिडाच्या नगाला साधी नळी पुरते, त्याच्यासाठी या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजनही नाही.

तरीही ब्रिटनने काय केले ते पाहण्यासारखे आहे. तंत्र अपुरे आहे म्हणून ते थांबले नाहीत. त्याच हार्वेलच्या परिसरात त्यांनी ८ कोटी १२ लाख पौंडांचे एक नवे केंद्र उभारण्याचे काम हाती घेतले. सेकंदाला १० झोत सोडणारा १ पेटावॉटचा लेसर, हे त्याचे हृदय. आरंभापासूनच ते उद्योगांसाठी योजले आहे. विमानांचे भाग, विद्युत्घट, थराथराने धातू वितळवून घडविलेले सुटे भाग यांची तपासणी तेथे व्हावी, असा हेतू. खर्चात ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाचाही वाटा आहे. शास्त्रज्ञ आणि कारखानदार यांना एका छपराखाली आणून, यंत्र अपुरे असतानाच त्याला हात घालावयाचा, ही त्यामागची दृष्टी आहे.

बारामतीचा धडा

या दृष्टीचे महत्त्व कळण्यासाठी महाराष्ट्रालाच ठाऊक असावयास हवी अशी एक कथा आहे. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले. १९६४ साली तेथील बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर शोधून काढला. पोलादी पत्रे कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत तो जगभर वापरला गेला.

त्याच जातीचा लेसर आज एका अद्भुत यंत्राचा प्राण झाला आहे. नेदरलँड्समधील एएसएमएल ही कंपनी संगणकाच्या सर्वांत सूक्ष्म चिप कोरण्याची यंत्रे बनविते. त्यांत कथिलाचे थेंब सेकंदाला ५० हजार या वेगाने पडत असतात आणि प्रत्येक थेंबावर कार्बन डायऑक्साइड लेसरचा झोत आदळतो. थेंबाचा प्लाझ्मा होतो व त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, क्ष-किरणांच्या अगदी शेजारचा प्रकाश निघतो. प्रारंभीच्या काळात शास्त्रज्ञ त्याला मृदू क्ष-किरणच म्हणत. लेसरवर चालणारा असा किरणस्रोत कारखान्यात अहोरात्र राबू शकतो, याचा हा जिवंत पुरावा. तेथवर पोहोचण्यास अनेक वर्षे आणि अपार पैसा लागला. मधल्या काळात हे कधीच जमणार नाही असे म्हणणारेही पुष्कळ होते. आज हे यंत्र जगात अन्य कोणीही विकत नाही. लेसर जर्मनीचा, आरसे जर्मनीचे, यंत्र डच. २०१९ पासून डच सरकारने ते चीनला विकण्याचा परवाना दिलेला नाही.

या साखळीत बारामती कोठे आहे? जन्मदाखल्यावर. पटेल यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्ञानाला जेथे प्रयोगशाळा मिळाली तेथे ते फुलले. प्रश्न मागे राहिलेल्यांचा आहे. आपल्या मातीत जन्मलेल्याने जे शोधले, त्यावर उभ्या राहिलेल्या यंत्राचे आपण केवळ ग्राहक का झालो? आणि ग्राहक तरी कोठवर? ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या हाती नकारही असतो. महासंगणक नाकारला गेला, तेव्हा पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात 'सी-डॅक', उभे राहिले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम' तयार झाला. क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्र नाकारले गेले, तेव्हा ते स्वतः घडविण्यात दोन दशके गेली आणि ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्हीच्या यशस्वी उड्डाणाने ती तपश्चर्या फळाला आली. या दोन्ही विजयांचा अभिमान रास्तच आहे. परंतु नकार मिळाल्यावरच जागे व्हावयाचे, हा काही राष्ट्राचा स्वभाव असू नये.

घरात काय आहे

आपल्या घरात सामग्री नाही, असे मुळीच नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यालाच तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रात अर्धवाहक लेसर तयार झाला होता. त्याच्या प्रकाशावरून तुर्भे ते कुलाबा असा संदेशवहनाचा प्रयोगही झाला. आज कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १०० टेरावॉटचा लेसर आहे. इंदूरच्या केंद्रात १५० टेरावॉटचा लेसर असून लेसरने इलेक्ट्रॉनांना वेग देण्याचे प्रयोग तेथे अनेक वर्षे झाले आहेत.

कुलाब्याच्या संस्थेतील एक प्रयोग तर कोणत्याही देशाने मिरवावा असा आहे. लेसर काचेवर आदळवून क्ष-किरण मिळतात, पण थोडे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एम. कृष्णमूर्ती, जी. रवींद्र कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काचेवर ई-कोलाय जीवाणूंचा काही मायक्रॉन जाडीचा थर दिला. माणसाच्या आतड्यात राहणारा हा सामान्य जीवाणू! त्या थरामुळे भेदक क्ष-किरणांची तेजस्विता शंभर पटींहून अधिक वाढली. जीवाणूंच्या सूक्ष्म आकारामुळे त्यांच्याभोवतीचे विद्युत्क्षेत्र तीव्र होते, हे त्याचे कारण. कोट्यवधींचा नवा लेसर न घेता, बुद्धीच्या बळावर त्याच लेसरकडून अधिक काम करून घेण्याची ही रीत अस्सल भारतीय काटकसरीची म्हणावी लागेल.

मग उणे काय आहे? सेतू. कुलाब्याहून कोल्हापूर, चाकण किंवा नाशिक दूर नाही, पण प्रयोगशाळेचे दार आणि कारखान्याचे फाटक यांमध्ये रस्ताच नाही. शास्त्रज्ञाचे मोल त्याच्या शोधनिबंधांवरून ठरते. त्याचा किरण एखाद्या पात्यातील चीर दाखवितो की नाही, हे त्याला कोणी विचारीत नाही. उद्योजक परदेशी यंत्राचे गुळगुळीत माहितीपत्रक हाती येण्याची वाट पाहतो. देशाच्या सकल उत्पन्नातील संशोधनाचा वाटा २०२०-२१ साली ०.६४ टक्के होता आणि त्यातही खासगी उद्योगांचा हात आखडताच. संशोधनासाठी १ लाख कोटी रुपयांची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ साली संमत केली आहे. पैशाची सबब त्यामुळे काहीशी दुबळी झाली, हे चांगलेच झाले. पण पैसा रस्त्याचे सामान आणतो. रस्ता बांधणारे हात निराळे असतात.

असा रस्ता आपल्याकडे पूर्वी बांधला गेलेला नाही असेही नव्हे. टाटा संस्थेतील सूक्ष्मतरंग विद्येतूनच मुंबईची 'समीर' ही संस्था उगम पावली. कर्करोगावर किरणोपचार करणारे 'सिद्धार्थ' नावाचे प्रवेगक यंत्र तिने देशातच घडविले आणि ते सेवाग्रामच्या रुग्णालयापर्यंत पोहोचले. कुलाब्यातील समीकरण विदर्भातील शेतकऱ्याच्या उपचाराला उपयोगी पडले. हे किरणोपचारात साधले, ते किरणचित्रणात का साधू नये?

पहिले पाऊल मोठे असण्याची गरज नाही. उद्योगांसाठी राखून ठेवलेला एक लेसर, एक जाड भिंतींची खोली, तीत आणून ठेवलेले दहा सदोष नग आणि त्यांच्याभोवती एकत्र बसलेले भौतिकीचे संशोधक, धातुविद्येचे अभियंते आणि फौंड्रीतले मुरलेले मिस्त्री, एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. किरण कोणता, हे संशोधक सांगेल. दोष कोठे असतो, हे मिस्त्री सांगेल. या दोघांनी एकमेकांची भाषा शिकणे हेच खरे संशोधन होय. अशा प्रयत्नातील पहिली काही वर्षे निष्फळ वाटतील, हेही आधीच मान्य करून ठेवावे. ज्यांना फळ लगेच हवे असते ते झाड विकत घेत नाहीत, फळच विकत घेतात. आणि पुढच्या वर्षी पुन्हा बाजारात उभे राहतात.

यात सुशिक्षित कुटुंबांचाही वाटा आहे. मुलगा किंवा मुलगी भौतिकशास्त्र घेऊ म्हणते, तेव्हा 'त्यात पुढे काय?' हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. तो प्रेमापोटीच विचारला जातो. पण त्याच प्रश्नामुळे उद्याचा पटेल बारामतीतून निघण्यापूर्वीच विझतो, किंवा निघतो तो परत न येण्यासाठी. पुढे काय, याचे उत्तर आता देता येते. पुढे असे एक यंत्र आहे, जे जगात अजून कोणालाच पूर्णत्वाने जमलेले नाही. शर्यत सुरू झाली आहे, पण कोणीही अंतिम रेषेजवळ पोहोचलेला नाही.

रॉन्टजेनने आपल्या शोधाचे एकस्व घेतले नाही. १९०१ सालच्या पहिल्या नोबेल पारितोषिकाची रक्कमही त्याने आपल्या विद्यापीठाला देऊन टाकली. किरण त्याने साऱ्या जगाला मोकळे केले. मोकळ्या मिळालेल्या ज्ञानातून कोण किती घडवितो, हे मात्र ज्याच्या त्याच्या पुरुषार्थावर राहिले. पूर्ण झालेले यंत्र किंमत मागते. अपुरे यंत्र केवळ श्रम मागते. आज ते आपल्या दारात उभे आहे.